अतिसंवाहक फिल्मचा पृष्ठभाग आणि गोव्याचा पावसाळा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातील एका रात्री नेटवर्क ॲनालायझरच्या (कोणत्या वारंवारतेचे मायक्रोवेव्ह किती पार जातात ते दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर जे शिखर दिसत होते, ते मे महिन्यात अतिसंवाहक फिल्मच्या त्याच तुकड्यावर मी मोजलेल्या शिखराच्या जवळजवळ दुप्पट रुंद होते. तुकडा तोच होता, तांब्याची पेटी तीच होती, द्रव नायट्रोजनचे तापमानही नेहमीप्रमाणे 77 केल्व्हिनच्या आसपास होते. तरीही फिल्ममधील मायक्रोवेव्हचा ऱ्हास, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा, वाढली होती, आणि ती का वाढली हे शोधण्यात माझे पुढचे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मला अतिसंवाहक फिल्मच्या पृष्ठभागाविषयी जे कळले, ते आधीच्या दोन वर्षांच्या वाचनातून कळले नव्हते, म्हणून तो सारा क्रम लिहून ठेवत आहे.

अतिसंवाहकाला विद्युतरोध नसतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. 1911 मध्ये लायडन येथे कामरलिंग ओन्नेस यांनी पाऱ्यावर हे प्रथम पाहिले. मात्र हे विधान स्थिर प्रवाहापुरतेच खरे आहे. प्रवाहाची दिशा सेकंदाला अब्जावधी वेळा पालटू लागली, की जोडीने वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना त्यांच्या जडत्वामुळे त्या वेगाने पुढेमागे होण्यासाठी विद्युतक्षेत्राची गरज पडते. ते क्षेत्र आत निर्माण झाले, की जोडीत न सापडलेले उरलेसुरले सामान्य इलेक्ट्रॉनही त्यात ओढले जातात आणि त्यांच्या हालचालीत ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. हाइन्झ लंडन यांनी 1940 मध्ये कथिलावर असा उच्च वारंवारतेचा रोध मोजून दाखवला होता. या रोधाला आम्ही पृष्ठरोध म्हणतो. तांब्याचा पृष्ठरोध वारंवारतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो, तर अतिसंवाहकाचा तिच्या वर्गाच्या हिशेबाने. 10 गिगाहर्ट्झला साध्या खोलीच्या तापमानात तांब्याचा पृष्ठरोध 26 मिलीओहमच्या घरात असतो आणि द्रव नायट्रोजनमध्ये तो 9 मिलीओहमपर्यंत उतरतो. चांगल्या इट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडच्या फिल्मचा मात्र त्याच तापमानाला अर्ध्या मिलीओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. मोबाइल मनोऱ्यांच्या किंवा उपग्रहांच्या संग्राहकांसाठी अतिसंवाहक गाळण्या (फिल्टर) बनवण्याचा खटाटोप ज्यासाठी केला जातो, तो फायदा एवढाच आहे, आणि फिल्मचा पृष्ठभाग बिघडला की तो हातातून निसटतो.

गोव्यातील आमच्या प्रयोगशाळेत फिल्म बनवण्याची सोय नाही. मुंबईतील एका प्रयोगशाळेशी असलेल्या सहकार्यातून मी तेथे जाऊन लेसरच्या स्पंदांनी फिल्म चढवत असे. 248 नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर संयुगाच्या वडीवर आदळतो, तिच्यातून प्रकाशमान झोत उठतो आणि समोर सुमारे 780 अंश सेल्सिअसला तापवून ठेवलेल्या लॅन्थॅनम ॲल्युमिनेटच्या स्फटिकावर त्याचा थर साचतो. ही पद्धत या संयुगासाठी 1987 मध्ये न्यू जर्सीतील बेलकोर येथे व्यंकटेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम यशस्वी केली. थर चढल्यावर तो ऑक्सिजनमध्ये सावकाश थंड करावा लागतो. घाई झाली तर ऑक्सिजन कमी पडतो आणि संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली रोध नाहीसा होतो ते तापमान, खाली घसरते. त्या वेळी मी 20 मिलिमीटर चौरस स्फटिकाच्या दोन्ही बाजूंना 300 नॅनोमीटरची फिल्म चढवली, मागची बाजू भूतल म्हणून अखंड ठेवली, पुढच्या बाजूवर सुमारे 175 मायक्रॉन रुंद आणि साडेसात मिलिमीटर लांब अशा चार पट्ट्या कोरून घेतल्या आणि तो स्फटिक कापून चार सारखे तुकडे केले. हे चार तुकडे सिलिका जेलच्या डबीत घालून, डबी मांडीवर ठेवून मी कोकण रेल्वेने करमळीला उतरले. चारही तुकडे एकाच फिल्मचे असणे पुढे किती उपयोगी पडणार होते, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

अशी पट्टी म्हणजे मायक्रोवेव्हची तार. तिच्या लांबीत अर्धी लहर मावली की ती 5 गिगाहर्ट्झच्या जवळ घुमू लागते. पडद्यावर त्या वारंवारतेला एक शिखर उठते. शिखराची वारंवारता भागिले अर्ध्या शक्तीवरची त्याची रुंदी म्हणजे गुणवत्तांक, ज्याला प्रयोगशाळेत आम्ही सगळे नुसते ‘क्यू’ म्हणतो. 5 गिगाहर्ट्झच्या शिखराची रुंदी अर्धा मेगाहर्ट्झ असेल तर क्यू दहा हजार. क्यू जितका मोठा, तितका ऱ्हास कमी. पद्धतीतील सोय अशी, की केबल थंड झाल्यावर तिच्यातील घट बदलली तरी शिखराची उंची तेवढी बदलते, रुंदी बदलत नाही. दोन्ही टोकांची जोडणी पुरेशी सैल ठेवली आणि शिखराच्या उंचीवरून जोडणीचा वाटा वजा केला, की उरतो तो पट्टीचा स्वतःचा क्यू. मे महिन्यात पहिल्या तुकड्याचा हा आकडा दहा हजारांच्या थोडा वर आला तेव्हा माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “आता हीच मोजणी निदान दहा वेळा कर आणि दहाही वेळा तोच आकडा येतो का ते पाहा.” मी ती करू लागले, आणि मृग नक्षत्र लागले.

जूनअखेर क्यू सात हजारांवर आला होता आणि जुलैत साडेपाच हजारांवर. पहिला संशय साहजिकच जोडण्यांवर गेला. मी कनेक्टर बदलले, केबल बदलल्या, चांदीच्या लेपाचे टाके खरवडून नव्याने घातले, पेटीच्या झाकणाखाली इंडियमची नवी तार बसवली. त्या दिवसांत आमची प्रयोगशाळा आहे त्या पठारावर वीज वारंवार जात असे. प्रत्येक वेळी यंत्र पुन्हा तापून स्थिर व्हायला दीड तास आणि मापांकनाला आणखी अर्धा तास लागे. तीन आठवडे असे गेले आणि आकडा एकदाही वर सरकला नाही.

मग मी संक्रमण तापमान तपासले. त्याच पेटीत पट्टीशेजारी त्याच फिल्मची एक चिंचोळी फीत मी चार तारा लावून ठेवलेली होती, म्हणजे पट्टीवर जे काही गुदरले ते तिच्यावरही गुदरले होते. तिचा स्थिर प्रवाहाचा रोध मे महिन्यासारखाच 90 केल्व्हिनच्या सुमारास शून्यावर आला. हा आलेख पाहून मी फिल्म निर्दोष आहे असा निष्कर्ष काढला आणि आणखी दहा दिवस चुकीच्या दिशेने शोधत राहिले. हा या साऱ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे, म्हणून तो सविस्तर मांडते. स्थिर प्रवाहाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड चांगली वाट मिळाली की पुरते. उरलेली फिल्म कितीही खराब असो, प्रवाह तिला वळसा घालून जातो आणि रोध शून्य दिसतो. फोंड्याहून पणजीला पोहोचायला एकच रस्ता खुला असला तरी चालतो, तसे हे आहे. मायक्रोवेव्ह प्रवाहाला अशी मोकळीक नसते. पट्टीत तो कोठे किती वाहील हे चुंबकीय क्षेत्राची मांडणी ठरवते, आणि ती मांडणी त्याला पट्टीच्या दोन्ही कडांकडे ढकलते. वाटेत बिघडलेली जागा आली तरी त्याला तिच्यातूनच जावे लागते, आणि अशी प्रत्येक जागा आपापला कर वसूल करते. त्यामुळे शून्य रोध दाखवणारी फिल्म मायक्रोवेव्हला खराब असू शकते. पाठ्यपुस्तकातील हे वाक्य मी कितीदा तरी वाचले होते. पण माझ्या हातातील तुकडा तेच सांगत असताना ते मला ऐकू येत नव्हते.

उलगडा नोंदवहीतून झाला. तोवर मी क्यूचा आलेख तारखेप्रमाणे काढला होता आणि त्यात नुसता उतार दिसत होता. एका रविवारी म्हार्दोळला घरी असताना वहीतील नोंदी पुन्हा वाचू लागले, तेव्हा लक्षात आले की ज्या आठवड्यात मी एकही मोजणी केली नव्हती, त्याच्या आधीचा आणि नंतरचा क्यू सारखाच होता. तुकडा नुसता पडून राहिला म्हणून बिघडत नव्हता. तो मोजला की बिघडत होता. तारखेऐवजी आडव्या अक्षावर पेटी किती वेळा थंड केली हा आकडा घेतला, तेव्हा उतार पायऱ्यांसारखा झाला, आणि मे महिन्यातील पायऱ्या जुलैतल्यापेक्षा लहान होत्या. शिवाय आणखी एक गोष्ट मी तोवर दुर्लक्षिली होती: शिखर रुंद होत असतानाच ते खालच्या वारंवारतेकडेही सरकत होते, एकूण सुमारे चारशे किलोहर्ट्झ. झाकण पुन्हा बसवताना एवढा फरक पडतोच, असे मी मनाशी धरले होते. पण झाकणाने पडणारा फरक कधी वर तर कधी खाली असायला हवा, आणि येथे तो दर वेळी खालीच होता. अतिसंवाहक थराची उपयोगी जाडी कमी झाली किंवा त्याच्या स्फटिककणांमधील सांधे कमजोर झाले, तर पट्टीची प्रेरकता वाढते आणि वारंवारता नेमकी अशीच उतरते. कनेक्टर किंवा लेप असे काही करू शकत नाहीत.

त्यानंतरच्या मोजणीला मी पेटी बाहेर काढताना घाई न करता नुसती पाहत राहिले. लांब स्टीलच्या दांडीच्या टोकाला टांगलेली पेटी ड्यूअरमधून (द्रव नायट्रोजनच्या थर्मासमधून) वर आली, तेव्हा ती कोरडी आणि तांबूस होती. दोन-तीन श्वासांत तिच्यावर पिठी साखर भुरभुरावी तसे पांढरे दव गोठले. रोजच्या सवयीप्रमाणे मी दहा मिनिटांनी, हाताला चटका बसणार नाही इतकी ती निवळली की झाकणाचे स्क्रू काढत असे, कारण जोडणीच्या सुयांचे अंतर पुन्हा लावायचे असे आणि शेवटची बस गाठायची असे. त्या दिवशीही तसेच केले, मात्र भिंग हातात घेऊन. झाकण उचलताच खोलीतील दमट हवा आत गेली आणि आरशासारखी काळी पट्टी माझ्या डोळ्यांदेखत धुरकट झाली. मग त्या धुरकटपणाचे बारीक थेंब झाले, थेंब एकमेकांत मिसळले आणि पट्टीच्या कडेला पाण्याची एक रेघ थांबून राहिली. चार-पाच मिनिटांत ती सुकली. पट्टी पुन्हा काळी आणि चकचकीत दिसू लागली, आणि बघणाऱ्याला काही घडले असे वाटलेही नसते.

या संयुगाचे पाण्याशी असलेले वैर जुने आणि नोंदलेले आहे. पाणी लागले की त्यातील बेरियम बाहेर निघून हायड्रॉक्साइड बनते, उरलेल्याचे कॉपर ऑक्साइड आणि अतिसंवाहक नसलेले एक हिरवे संयुग होते, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्या हायड्रॉक्साइडचे पांढरे बेरियम कार्बोनेट होते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते म्हणून तिच्यात तांदळाचे दाणे टाकणाऱ्या घरात मी वाढले, आणि फिल्मची डबी सिलिका जेलमध्ये जपून ठेवण्याचीही मला पूर्ण काळजी होती. पण डबीबाहेरच्या त्या दहा मिनिटांचा मी विचार केला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीचा मधला भाग बऱ्यापैकी स्वच्छ होता. कडा मात्र करड्या झाल्या होत्या आणि त्यांच्या लगत पांढुरके ठिपके माळेसारखे ओळीने बसले होते. कोरताना कडेला फिल्मचा आडवा छेद उघडा पडतो आणि या स्तरित स्फटिकात पाणी वरून शिरण्यापेक्षा अशा छेदातून अधिक सहज शिरते. प्रवाह जेथे सर्वाधिक दाटतो, नेमकी तीच जागा पाण्याने आधी खाल्ली होती.

तरी सरांनी ते लगेच मान्य केले नाही, आणि ते बरोबरच होते. “पाणी आणि थंड-गरम होण्याचा ताण, दोन्ही एकाच वेळी घडते आहे, दोष कोणाचा हे तू कसे ठरवणार?” असे त्यांनी विचारले. तेव्हा उरलेले तीन तुकडे कामी आले. दुसरा तुकडा डेसिकेटरमधून (आत हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) प्रथमच बाहेर काढून मोजला, तर तो पहिल्याच्या मे महिन्यातील आकड्याजवळ आला. म्हणजे यंत्रणा ठीक होती आणि बिघाड तुकड्यातच होता. तिसरा तुकडा कोरड्या नायट्रोजन वायूत पेटीबंद करून आठ वेळा थंड केला आणि दर वेळी पेटी हाताला थंड लागेनाशी होईपर्यंत उघडली नाही. आठव्या वेळी त्याचा क्यू पहिल्या वेळेच्या पाच टक्क्यांच्या आत होता आणि वारंवारताही जागेवर होती. चौथा तुकडा थंड न करता आठवडाभर टेबलावर उघडा ठेवला. ऑगस्टच्या त्या हवेत आमच्या सिलिका जेलचे निळे मणी दोन दिवसांत गुलाबी होत असत. त्या तुकड्याचा क्यू थोडासा घसरला, पण पहिल्याच्या मानाने फारच कमी. ताण निर्दोष ठरला, नुसती दमट हवा थोडी दोषी ठरली, आणि मुख्य अपराध थंड पृष्ठभागावर साचलेल्या पाण्याचा ठरला. एकेका तुकड्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चाच असतो, म्हणून हीच चाचणी डिसेंबरात दुसऱ्या फिल्मच्या तुकड्यांवर, पाणी मुद्दाम साचवून, पुन्हा केली. आकडे वेगळे आले, पण क्रम तोच राहिला.

या दुसऱ्या फिल्मने मला आणखी एक धडा दिला. लेसर पद्धतीत वडीवरून संयुगाचे वितळलेले बारीक थेंब उडून फिल्मवर चिकटतात. या फिल्मवर असे मायक्रॉनभर आकाराचे गोळे इतके होते, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्र पाहून मी ती टाकून देणार होते. मोजली, तर कमी शक्तीला तिचा क्यू पहिल्या फिल्मपेक्षा सरस निघाला. गोळे वर बसलेले होते. प्रवाह ज्या थरातून वाहतो तो खाली बऱ्यापैकी अखंड होता. खरा ऱ्हास होतो तो स्फटिककणांच्या सीमांवर. या संयुगात इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा विस्तार जेमतेम दीड-दोन नॅनोमीटर असतो, त्यामुळे दोन कण एकमेकांशी थोडे तिरके बसले तरी मधली सीमा कमजोर दुवा बनते. आयबीएमच्या प्रयोगशाळेत डिमोस, चौधरी आणि मानहार्ट यांनी 1988 मध्ये दाखवले, की हा तिरकेपणा वाढत गेला की सीमा ओलांडू शकणारा प्रवाह झपाट्याने घटतो. अशा सीमा साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतही नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नव्वदच्या दशकात वडीत थोडी चांदी मिसळून फिल्म बनवल्या गेल्या. चांदीमुळे कण मोठे आणि अधिक सरळ रांगेत वाढतात. गुळगुळीत दिसण्यापेक्षा कणांची बैठक सरळ असणे मोलाचे, हे त्या कामामागचे तत्त्व मला या गोळ्यांनी भरलेल्या फिल्मने पटवले.

कमजोर दुवे ओळखायची एक खूण मात्र शिखरातच मिळते. मी मायक्रोवेव्हची शक्ती उणे 20 डीबीएमपासून (0 डीबीएम म्हणजे एक मिलीवॉट) पायरीपायरीने वाढवत नेली. चांगल्या तुकड्याचे शिखर अधिक 5 डीबीएमपर्यंत हलले नाही. पाणी लागलेल्या पहिल्या तुकड्याचे शिखर उणे 5 पासूनच बसू लागले, रुंद झाले आणि पुढे एका बाजूला कलले, एखादा वाळूचा ढीग एका अंगाने ढासळावा तसे. दुव्यांना पेलेल त्यापेक्षा जास्त प्रवाह त्यांच्यातून जाऊ लागला की ते एकेक करून हार मानतात आणि रोध वाढतो. नुसत्या क्यूपेक्षा शक्तीबरोबर तो कसा उतरतो, हे मला पृष्ठभागाच्या दोषांचे अधिक प्रामाणिक माप वाटते, आणि आता प्रत्येक तुकड्याची पहिली मोजणी मी तीच करते.

आता पेटीत कोरडा वायू सतत हलक्या दाबाने वाहता राहतो, आणि बाहेर काढलेली पेटी तीन तास झाकणबंद टांगलेली राहते. शेवटची बस चुकते, म्हणून मोजणीच्या दिवशी मी वसतिगृहातच मुक्काम करते. पाण्याचा हिशेब असा मिटला असला, तरी चांगल्या तुकड्यांचाही ऱ्हास एवढ्या चांगल्या फिल्मकडून अपेक्षित असलेल्या आकड्याहून जास्तच आहे, आणि माझा संशय पुन्हा कडांवरच आहे. सौम्य फॉस्फरिक आम्लाने कोरताना कड सरळ न राहता करवतीसारखी दातेरी होते आणि तिच्या लगतची फिल्म आधीच थोडी दुखावलेली असते. यंदा मुंबईत बनवलेल्या नव्या फिल्मच्या दोन पट्ट्या आम्लाने आणि दोन आयनांच्या झोताने कोरून आणल्या आहेत. चौघीही या क्षणी डेसिकेटरमध्ये आहेत, मणी निळे आहेत, आणि पहिली पट्टी उद्या सकाळी पेटीत बसेल.